हायडन: लाटेसारखा खडक, गव्हाची रानं आणि अण्णांचे मिलिमीटर

शनिवार

अण्णा आणि आई ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात, पर्थला आले तेव्हापासून अण्णांचं एकच चालू होतं, समुद्र बघितला, किंग्ज पार्क बघितलं, कांगारू पण बघितले, आता मला इथलं रान दाखव. अण्णा बार्शी तालुक्यातले शेतकरी, वय ७१, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळवाच्या पेरणीला घरी पोचायचंच या अटीवर इकडे आलेले. सप्टेंबरच्या शेवटी इथे राजाच्या वाढदिवसाची सोमवारची सुट्टी असते, म्हणजे तीन दिवस जोडून मिळतात, म्हणून ठरवलं की हायडनला जायचं. पर्थपासून पूर्वेला साधारण ३४० किलोमीटर, चार तासांचा रस्ता, इथल्या गव्हाच्या पट्ट्यातलं चारेकशे वस्तीचं गाव. लोक तिथे वेव्ह रॉक बघायला जातात, आम्ही खरं तर अण्णांना गहू दाखवायला निघालो होतो.

सकाळी साडेसहाला ब्रुकटन हायवेला लागलो. पहिला तासभर जाराची उंच झाडं, मग घाट संपतो आणि एकदम उघडं रान सुरू होतं. हिरवा गहू, मधेच कॅनोलाचे पिवळे पट्टे, मेंढ्या, परत गहू. आई म्हणाली करडईसारखं दिसतंय, अण्णा म्हणाले नाही गं, मोहरीतलं आहे ते, आणि बरोबर होतं त्यांचं. पण वीसेक किलोमीटर गेल्यावर ते गप्प झाले आणि मग विचारलं, "पोरी, माणसं कुठंयत?" खरंच, एवढ्या रानात एक माणूस दिसला नव्हता. ना खुरपणीला बायका, ना बांधावर कुणी बसलेलं, ना बैल. रस्त्याकडेला दूर एखादं पत्र्याचं शेड आणि पाण्याची टाकी दिसते, ते घर, आणि पुढचं घर पाच-सात किलोमीटरवर.

कोरिगिनच्या अलीकडे हायवेलगतच कुत्र्यांची दफनभूमी आहे. आमचा नऊ वर्षांचा ईशान त्यासाठीच थांबा म्हणत होता, पण जास्त वेळ रमली ती आई. शेतावर राबलेल्या कुत्र्यांच्या छोट्या छोट्या समाध्या, कोरलेली नावं, काहींवर फोटो, एकावर जुना पट्टा लटकवलेला. आई प्रत्येक समाधीपाशी थांबून नाव वाचून दाखव म्हणत होती. हे गाव कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं, २००२ मध्ये इथे १,५२७ पिकअप गाड्या मागे एकेक कुत्रा बसवून एका रांगेत चालवल्या होत्या, त्याचा विक्रम आहे. इथल्या भाषेत त्या गाडीला यूट म्हणतात, आणि पुढचे तीन दिवस तो शब्द आम्ही इतका ऐकला की आई पण "ते बघ यूट" म्हणायला लागली.

टीप म्हणून सांगते, पेट्रोल कोरिगिनलाच फुल करून घ्या. पुढे पंप आहेत पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्या भरवशावर राहू नका. पिण्याचं पाणी गाडीत जास्तीचं ठेवा, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या कारण गावाबाहेर पडलं की रेंज जाते. शाकाहारी असाल तर डबा न्याच, वाटेतल्या दुकानांत चिप्स आणि मीट पाय एवढंच हमखास मिळतं. आमच्याकडे आईच्या दशम्या, शेंगाचटणी आणि दही होतं, कोंडिनिनच्या बागेतल्या बाकावर बसून जेवलो.

दुपारी हायडनला केबिनवर सामान टाकलं आणि वेव्ह रॉकला गेलो. गाडीमागे पार्किंगची फी भरावी लागते, बाकी काही नाही. झाडीतून दोन मिनिटं चाललं की तो समोर येतो. १५ मीटर उंच आणि ११० मीटर लांब, फुटायच्या बेतात असलेली समुद्राची लाट तशीच्या तशी गोठलेली. आदल्या रात्री पाऊस झालेला असल्यामुळे वरून खाली उतरलेले काळे, राखाडी, गेरूसारखे तांबडे पट्टे ओले चमकत होते. हा ग्रॅनाइट २६० कोटी वर्षांहून जुना आहे, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा धरतात, म्हणजे त्याच्याही कितीतरी आधीचा. आणि ही लाट वाऱ्याने कोरलेली नाही. आधी हा भाग मातीखाली होता, खडकावरून ओघळणारं पाणी त्याच्या पायथ्याशी मातीत मुरायचं, त्या सततच्या ओलीने खालचा दगड कुजत आत आत गेला, आणि पुढे कधीतरी ती माती वाहून गेल्यावर हा पोखरलेला उतार उघडा पडला.

सगळे लाटेवर सर्फिंग करत असल्याचा फोटो काढतात, आम्हीही काढला, त्याला वीस मिनिटं पुरतात. बरेच लोक तेवढ्यावर परत फिरतात ते मला अजिबात पटत नाही. वर जा. बाजूने वाट आहे, ओलं असेल तर जपून चढा, चांगल्या तळाचे बूट घाला. वर गेलो आणि अण्णा एकदम उभेच राहिले. लाटेच्या माथ्यावरून, अगदी कडेकडेने, एक गुडघ्या-मांडीएवढी भिंत गेलीय, खडकाच्या उतारानुसार वळत वळत.

"ही ताल आहे," अण्णा म्हणाले.

आणि खरंच ती तालच आहे. १९२८ मध्ये बांधलेली. शेकडो एकर उघडा खडक, त्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतच नाही, सगळाच्या सगळा घरंगळतो, तो या भिंतीने अडवून बाजूच्या धरणात नेलाय, गावासाठी. खाली उभं राहून फोटो काढताना माथ्याला जी सरळ रेघ दिसते ती हीच. अण्णा त्या भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले, उतार कुठे कसा धरलाय ते बघत, मधेच वाकून सांध्यात बोट घालून बघत. सूर्य बुडेपर्यंत आम्हाला खाली उतरायला मिळालं नाही.

रात्री पारा पाच-सहा अंशांवर. सप्टेंबर म्हणून पातळ कपडे आणू नका, दिवसा २२ आणि रात्री कानटोपी अशी हवा असते. केबिनच्या छोट्या तव्यावर आईने थालीपीठं लावली.

रविवार

सकाळी हिप्पोज यॉनपर्यंत चालत गेलो, वेव्ह रॉकपासून पायवाट आहे, पाणघोड्याने जांभई द्यावी तसा आ वासलेला खडक. ईशान त्याच्या तोंडात बसून राहिला. पण वाटेतली फुलं! सप्टेंबरात इथे यायचं कारण तेच. जमिनीलगत बघत चालायचं, नाहीतर पायाखाली जातात. कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्यांचं एक ऑर्किड आईला दिसलं, जेमतेम वीतभर उंच, आणि मग तिने पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक वेळी जमीन तपासायला सुरुवात केली. माश्या मात्र तोंडावर बसतात, चावत नाहीत पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून हलत नाहीत. टोपीवरून घ्यायची जाळी मिळते, ती पर्थमधूनच आणा.

मग उत्तरेला हम्प्स नावाच्या मोठ्या खडकाकडे गेलो, त्याच्या कुशीत मुल्काची गुहा आहे. हा सगळा नूंगार लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख, वेव्ह रॉकला ते कॅटर किच म्हणतात. मुल्काची गोष्ट अशी, की ज्याच्याशी लग्न निषिद्ध होतं अशा पुरुषावर जीव लावलेल्या बाईचा तो मुलगा, जन्मतः तिरळा. वाढून राक्षसाएवढा धिप्पाड झाला, पण तिरळेपणामुळे भाल्याचा नेम लागेना, शिकार मिळेना, म्हणून माणसांची पोरं धरून खायला लागला. आई रागावली तर तिलाही मारलं. शेवटी लोकांनी माग काढून त्याला दूर गाठून ठार केलं. ईशान ही गोष्ट ऐकताना माझा हात सोडत नव्हता.

गुहेत वाकून शिरावं लागतं. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, मग भिंतीवर एक हात दिसतो, मग दुसरा, मग कळतं की छतापर्यंत हातच हात आहेत. साडेचारशेच्या आसपास चित्रं आहेत म्हणतात. हात दगडावर टेकवून तोंडातून गेरूचा फवारा मारायचा आणि हात काढून घ्यायचा, मग हाताएवढी जागा कोरी राहते. अण्णांनी आपला पंजा एका पंजासमोर, वीतभर अंतरावरून धरला. स्पर्श करायचा नाही हे मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. मापात मापच बसलं. करंगळी जरा वाकडी होती त्या हाताची, अण्णांचीही आहे, लहानपणी मोटेच्या दोरात सापडलेली. काही बोलले नाहीत, पण बाहेर आल्यावर बराच वेळ आपल्याच हाताकडे बघत होते.

वर हम्प्सच्या माथ्यावर पायवाट जाते, तिथे ग्नॅमा म्हणजे खडकातले पाण्याचे खड्डे आहेत. नूंगार लोक तोंड लहान असलेला असा खड्डा सपाट दगडाने झाकून ठेवायचे, म्हणजे पाणी उन्हाने उडत नाही आणि जनावर पडून नासत नाही. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला जाताना कुठल्या खडकात पाणी आहे हे पाठ असायचं. अण्णा म्हणाले, आधी यांनी झाकणानं राखलं, मागनं गोऱ्यांनी ताल घातली, पण पाणी त्याच दगडाचं.

दुपारी हायडनच्या पूर्वेला ससेरोधक कुंपण बघायला निघालो. १९०१ ते १९०७ या काळात सशांना पश्चिमेत येऊ न देण्यासाठी बांधलेलं, पहिलंच कुंपण १,८०० किलोमीटरहून लांब. ससे तरी आलेच. पण आज तिथे उभं राहून जे दिसतं ते वेगळंच आहे, कुंपणाच्या अलीकडे गहू आणि पलीकडे मूळचं रान, सामन गम नावाची गुलाबी-तांबूस गुळगुळीत खोडाची झाडं, पुढे शेकडो किलोमीटर तसंच. शास्त्रज्ञांनी इथे अभ्यास केलाय, ढग रानाच्या बाजूला जास्त धरतात आणि शेताच्या बाजूला कमी.

परत येताना कच्च्या रस्त्यावर टायर फुटलं. रेंज नाही, ऊन उतरायला लागलेलं. नवरा जॅक काढतोय तोवर धुरळा उडवत एक यूट आली आणि न सांगता थांबली. इथे हे लक्षात ठेवा, कच्च्या रस्त्यावर बंद पडलात तर गाडी सोडून कुठेही चालत जायचं नाही, येणारा प्रत्येक जण थांबतो. (आणि भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का ते आधी विचारा. संध्याकाळनंतर गाडी चालवणं टाळा, कांगारू सरळ समोर उडी मारतात.)

उतरला तो साठीचा शेतकरी, मागे काळ्या-तांबूस रंगाचं केल्पी कुत्रं. दहा मिनिटांत टायर बदललं, आमच्या जॅकखाली घालायला फळी त्यानेच दिली. हात पुसता पुसता मी सांगितलं की माझे वडील भारतातले शेतकरी आहेत. त्याने अण्णांकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे पाऊस किती पडतो?"

अण्णांना मी भाषांतर करून सांगायच्या आत त्यांनी "रेन" ऐकलं होतं. "साडेपाचशे-सहाशे, पण कधी दोनशेच." त्यावर तो म्हणाला, आमच्याकडे साडेतीनशे. दोघंही त्या रस्त्यावर कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभे राहिले. निघताना तो म्हणाला, उद्या सकाळी या, रान दाखवतो.

सोमवार

फाटकापाशी त्याने आधी आम्हाला बुटांचे तळवे ब्रशने घासायला लावले, दुसऱ्याच्या रानातलं तणबी आणि रोग येऊ नये म्हणून. परवानगीशिवाय इथल्या कुठल्याही शेतात फोटोसाठीसुद्धा शिरू नका, कॅनोलाची फुलं कितीही सुंदर दिसली तरी. फाटकाच्या खांबालाच पर्जन्यमापक लावलेला, साधी पारदर्शक नळी. घरात तीन पिढ्यांच्या वह्या, रोजचा पाऊस लिहिलेल्या. आजोबांच्या अक्षरातली पानं पिवळी पडलेली, कितीतरी ठिकाणी नुसतं शून्य, शून्य, शून्य. अण्णांनी ते वाचायला भाषा लागली नाही.

जमीन साडेचार हजार हेक्टर, म्हणजे अकरा हजार एकर. अण्णांनी मला दोनदा विचारलं आकडा बरोबर ऐकलास ना. राबणारे किती, तर तो, बायको, मुलगा आणि पेरणी-काढणीला एक-दोन माणसं. पाणी देणं हा प्रकारच नाही. २५ एप्रिलच्या आसपास पेरणी, कधी कधी कोरड्यातच, मग मे ते ऑक्टोबर जो पाऊस पडेल तो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात काढणी. हेक्टरी दोन टन निघाला की ठीक वर्ष. अण्णांनी बोटांवर हिशेब केला, एकरी आठ क्विंटल, म्हणाले आमच्याकडं विहिरीच्या पाण्यावर याच्या दुप्पट निघतो, पण चार एकरांत. शेतकऱ्याला चार एकर हे आधी कळेना, मग कळलं तेव्हा तो हसला नाही, उलट विचारलं, चार एकरांत घर कसं चालतं? त्यावर बोलणं बराच वेळ चाललं, माझी भाषांतर करता करता दमछाक.

माल कुठे जातो विचारल्यावर त्याने गावातले सायलो म्हणजे धान्य साठवायची मोठी कोठारं दाखवली, सीबीएचची, ती शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था, १९३३ पासूनची. सहकारी म्हटल्यावर अण्णांची कळीच खुलली, त्यांनी आपल्या साखर कारखान्याचे शेअर, सर्वसाधारण सभा, सगळं सांगून टाकलं. इथला बराचसा गहू देशाबाहेर जातो, त्यातला एक वाण तर जपानात उडोन नूडल्स करायलाच घेतात.

मग रानात उतरलो. अण्णांनी मान हलवून परवानगी मागितली आणि एक ओंबी खुडली. तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या टाचेने चोळली, फुंकर मारली, कुसळ उडालं, हिरवट दाणे राहिले. एक दाणा दाताखाली धरला. "अजून चीक हाय. पंधरा दिवस." शेतकऱ्याने पण तसाच एक दाणा चावला आणि म्हणाला, दोन आठवडे. आई म्हणाली ओंब्या भाजून खायच्या असतात, सांग त्यांना. सांगितलं. त्याने उभ्या आयुष्यात कधी खाल्लेल्या नव्हत्या, एवढा गहू पिकवून. त्याच्या अंगणातल्या बार्बेक्यूवर आईने दोन मुठी ओंब्या भाजल्या, चोळून, पाखडायला सूप नाही म्हणून वर्तमानपत्रावर, वर शेंगाचटणी. त्याच्या बायकोने तीनदा मागून घेतल्या.

निघायच्या आधी तो म्हणाला, वाईट पण दाखवतो. सखल भागात गाडी नेली. तिथे गहू संपतो आणि पांढरं सुरू होतं. मिठाचा पापुद्रा, पाय ठेवला की कुरकुरतो, मधोमध मेलेली झाडं उभी, खोडं चांदीसारखी झालेली. अण्णांनी चिमूटभर उचलून जिभेला लावलं.

त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं अण्णांना सांगितलं. इथे हजारो वर्षं समुद्राकडून पावसाबरोबर थोडं थोडं मीठ येत राहिलं आणि जमिनीत खोल साठलं. मूळची झाडं खोल मुळांची, बारा महिने पाणी ओढणारी, त्यामुळे खालचं पाणी खालीच राहायचं. विसाव्या शतकात रान तोडून गहू आला, तेव्हा सरकार जमीन द्यायचं ती झाडी साफ करायच्या अटीवरच. गव्हाची मुळं उथळ, पीक सहा-सात महिन्यांचं, बाकीचं पाणी जिरत गेलं, पातळी वर आली आणि येताना मीठ विरघळवून घेऊन आली. या गव्हाच्या पट्ट्यात दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन अशी गेलीय.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "म्हणजे पाणी जिरलं म्हणून रान गेलं?"

हो.

त्यांनी परत विचारलं. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. या माणसाने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर माती वाहिलीय, नाला बंडिंगला श्रमदान केलंय, पाणी अडवा पाणी जिरवा हे आमच्या घरात देवाच्या आरतीसारखं ऐकत मी वाढले. विहिरीची पातळी हातभर वर आली की घरात गोड व्हायचं. आणि इथे एक शेतकरी पातळी खाली जावी म्हणून देवाला हात जोडतो. शेवटी तेच म्हणाले, सांगलीकडं उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या ते ठाऊक आहे मला, पण साडेतीनशे मिलिमीटरात असं व्हावं? झाड तोडलं म्हणून?

शेतकऱ्याने कडेने लावलेली झुडपं दाखवली, सॉल्टबुश, खाऱ्या जमिनीत तगतं आणि मेंढ्या खातात. त्याच्या वर मॅलीच्या, म्हणजे निलगिरीच्या जातीतल्या झुडपांच्या रांगा, पाणी ओढायला. म्हणाला, माझ्या वडिलांनी हे रान तोडलं आणि मी परत लावतोय. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

परतीला कुलिनवरून आलो. गावाच्या पूर्वेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांनी पत्र्याचे, जुन्या पिंपांचे घोडे करून उभे केलेत, टिन हॉर्स हायवे म्हणतात, पोरं बरोबर असतील तर वाट वाकडी करून जाच. ईशानने मोजायला घेतले आणि मधेच झोपला.

ब्रुकटनच्या आसपास पाऊस सुरू झाला. चांगला, टपोरा. अण्णांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला, बाही भिजली तरी आत घेईनात. "त्यांच्याकडं पडत असंल का गं?" ओंबीत दाणा भरायच्या वेळचा पाऊस होता. रात्री घरी पोचल्यावर शेतकऱ्याचा मेसेज आला, फोटो, फाटकावरच्या त्या नळीचा. सात मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला हार्डवेअरच्या दुकानात न्यायला लावलं आणि तसाच एक पर्जन्यमापक घेतला, कपड्यांत गुंडाळून बॅगेत नेला. गावी पोचल्या पोचल्या गोठ्याच्या खांबाला लावला म्हणे. परवा सकाळी सहाला फोन, हस्ताचा पाऊस झाला रात्री, शाळू पेरायला ओल चांगली झाली. आणि ठेवायच्या आधी म्हणाले, "त्यांना कळव. आपल्याकडं बावीस."